माजिवड्याच्या आठजणी

मिरजेहून ठाण्याला जाऊन येणं ही काही प्रवासवर्णन लिहिण्याची गोष्ट नव्हे, हे मलाही कळतं. लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि परत आले की फोटो दाखवून शेजाऱ्यांचा जीव नकोसा करतात. मी चार दिवस विहिणीकडे गेले होते, बस्स. पण जाताना मला जी धास्ती वाटत होती ती हिमालय चढणाऱ्यालाही वाटत नसेल. म्हणून लिहिते. शिवाय लिहायला मला सांगितलेलं आहे, आणि सांगणारी बाई अशी आहे की तिला नाही म्हणायची माझी टाप नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. माझी मुलगी नंदा ठाण्याला नोकरी करत होती. तिथे तिने माजिवड्याच्या सुरेशशी लग्न ठरवलं. आगरी घर. पूर्वी भातशेती आणि मिठागरातलं काम, आता शेताच्या बांधापर्यंत इमारती येऊन ठेपलेल्या. मुलगा शिकलेला, वर्तकनगरजवळच्या कारखान्यात चांगल्या नोकरीला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. चिडायला कारण सापडेना, म्हणून मी जास्तच चिडले. आम्हाला न विचारता ठरवलंस म्हणजे काय! लग्नाला गेले, तोंड वाकडं करून मांडवात बसले आणि घरी परत आल्यावर सगळा राग एका लेखात ओतला. तो एका दिवाळी अंकात छापूनही आला.

त्यातलं एक वाक्य इथे द्यायलाच हवं. 'इतक्यात लुगड्यांचा खोचा आवरत बायकांचा एक कळप मांडवात शिरला. एकीने मान वळवली की साऱ्यांनी वळवायची, एकीने तोंड उघडलं की साऱ्यांनी रेकायचं.' झालं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला खास बोलावून सांगितलं, "बाई, कळप हा शब्द काय चपखल बसलाय!" मी मराठीची शिक्षिका. पंचवीस वर्षं मुलांकडून गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, उंटांचा तांडा घोकून घेतलेली. असं कौतुक झाल्यावर मी आठवडाभर हवेत होते.

मग यंदा नंदाचं पत्र आलं. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मी डिंक, अळीव, खारीक आणून डबे भरून ठेवले होते. पत्रात लिहिलं होतं, 'आई, रविवारी इथे माझी ओटी भरणार आहेत. त्यानंतर तू मला न्यायला येणार हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लिवनारीला आधी माझ्या घरात येऊन राहू दे, पोरीला धाडायचं का नाय ते मंग बघू. तुझा लेख इथे सगळ्यांना माहीत आहे. लवकर ये.'

'सगळ्यांना माहीत आहे' हे वाचून माझ्या हातातला चहा निवला. आता त्या बायका मला सोडतात थोड्याच! मला चार शब्द बोलल्या तर मी ऐकून घेईन, पण पोरीला नाही धाडलं तर? त्या पोरीला माझ्यामुळे दोन वर्षं काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. लाज वाटते सांगायला, पण शिवला नव्हता हे खरं.

डोंबिवली

गाडीने सकाळी कल्याणला उतरवलं. पहिला मुक्काम डोंबिवलीला, विमलकडे. विमल माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्नाआधी नंदा तिच्याकडेच राहत होती, त्यामुळे हे लग्न तिच्या घरी जमलं असा माझा तिच्यावरही थोडा राग होता. दोन खोल्यांचा ब्लॉक, गॅलरीत तुळस आणि धुणं, आणि नळाला पाणी सकाळी तासभर. त्या तासात विमल जी धावपळ करते ती बघून मला आमच्या मिरजेच्या आडाची थोरवी कळली. पोहे मात्र तिने फर्मास केले होते. वर खोबरं, कोथिंबीर, आणि बाजूला कालच्या गुळाच्या पोळीचा तुकडा.

"तुझा तो अंक आमच्या वाचनालयात फाटेपर्यंत वाचला लोकांनी," विमल म्हणाली.

"आवडला का?"

"आवडणाऱ्यांना आवडला. मला नाही आवडला."

विमल तोंडावर बोलते. तीस वर्षांपूर्वीही बोलायची.

"अगं, कळप हा शब्द काय मी शोधला का?" मी म्हटलं. "सगळे लेखक वापरतात. मोर्च्यातल्या माणसांचा कळप, मत द्यायला चाललेल्यांचा कळप, सरकारी कचेरीतल्या कारकुनांचा कळप. मुली चालल्या की थवा होतो, पोरं चालली की टोळकं होतं, परीक्षेच्या निकालाला मोहोळ उठतं. भाषेची गंमत असते ती."

"मग तू बायकांचा थवा का नाही लिहिलंस?"

मी पोह्यातला दाणा चावत बसले. विमलने उत्तराची वाट न बघता बादली भरायला घेतली. थवा लिहिला असता तर सगळ्यांनी गोड मानून घेतला असता, हे मला लिहितानाही ठाऊक होतं. थव्यात डोकी वर असतात. मला त्या बायकांची डोकी खाली करायची होती, म्हणून कळप. शब्द चपखल होता तो याच कामासाठी.

संध्याकाळी दोघी फडके रोडला हिंडून आलो. पुस्तकांची दुकानं, गजऱ्यांच्या पाट्या, आणि जो तो ओळखीचा भेटून उभ्या उभ्या बोलतोय. विहिणीसाठी लुगडं घ्यावं म्हटलं तर विमल म्हणाली, "लाच घेऊन जाऊ नकोस. त्या लोकांना कळतं." तरी मी एक हिरवं घेतलंच.

माजिवडा

दुसऱ्या दिवशी कल्याणच्या स्टँडवरून भिवंडीमार्गे ठाण्याची यष्टी धरली. खाडीच्या पुलावरून पाणी आणि त्यापलीकडे मिठाचे पांढरे ढीग दिसले. एरवी मी वही काढून दोन ओळी टिपल्या असत्या. या वेळी वही पिशवीत तळाशी होती आणि वर डिंकाच्या लाडवांचा डबा. माजिवड्याच्या नाक्यावर उतरले तर हायवेवर ट्रकच ट्रक. रस्ता ओलांडायला मला पाव तास लागला. एका रिक्षावाल्याने शेवटी हात दाखवून ट्रक थांबवला आणि म्हणाला, "जावा मावशी, नायतर हितंच चातुर्मास काढाल."

हायवे सोडून आत वळलं की लगेच गाव लागतं, याचं मला लग्नात आश्चर्य वाटलं होतं तसं या वेळीही वाटलं. शंभर पावलांवर चार मजली इमारतीचा सांगाडा, आणि त्याला लागून कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं भात, दाराशी होडीएवढी पाण्याची दगडी डोण. नंदा ओट्यावर उभी होती. गाल भरलेले, पोट चांगलंच पुढे आलेलं, अंगावर नऊवारी. मला बघून ती धावली नाही, पण चेहरा उजळला. मला रडूच आलं.

"अगं, आल्या आल्या काय रडतंस गो बाय? रडाया येलच पुडं," आतून आवाज आला, आणि विहीणबाई बाहेर आल्या. हौसाबाई. साठीच्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात भाताचं सूप.

आमच्याकडे विहिणीला 'अहो' म्हटल्याशिवाय बोलत नाहीत, आणि दोन विहिणी समोरासमोर आल्या की एकमेकींना तोलत अर्धा तास घालवतात. इथे सगळ्यांना तू. मला तू, जावयाला तू, गावच्या पाटलाला तू, देवाला तर तूच. पहिल्या झटक्याला मला ते टोचलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच तोंडून हौसाबाईंना 'अगं' निघालं आणि त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही.

हातपाय धुऊन ओट्यावर टेकते न टेकते तोच शेजारपाजारच्या बायका यायला लागल्या. एक आली, दोन आल्या, पाच झाल्या. माझ्या लेखातल्याच त्या. मी पदर आवरून ताठ बसले. आता सुरू होणार.

पहिली जी होती, काळीसावळी, कमरेला चांदीची साखळी, ती माझ्यासमोर येऊन हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "मना वलखलंस का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मी बारकुबाय! तू लिवलंस ना, 'सगल्यांच्या पुडं बारकुबाय, कमरंला चांदीची साकली, चालली की घुंगरावानी वाजतंय.' तीच मी!"

मी असं काही लिहिलं नव्हतं.

"ना मी गोमा," दुसरी म्हणाली (त्यांचं 'ना' म्हणजे आपलं 'आणि'). "माझ्या हातच्या वड्यांचा लिवलंस. सगल्या गावाला सांगलं मी, मिरजंच्या बाईनं माझं वडं छापलं."

पारूबाय पुढे झाली. मी तिच्या हसण्याबद्दल लिहिलं होतं म्हणे. काशीबायच्या नथीबद्दल. चांगुनाबायने नवरीच्या आईला, म्हणजे मला, पाणी आणून दिलं होतं त्याबद्दल. ते पाणी तिने दिलं होतं हे आत्ता तिने सांगितल्यावर मला आठवलं. उन्हात कासावीस झाले होते, कोणीतरी तांब्या पुढे केला होता, मी वर बघितलंही नव्हतं.

सगळ्यात शेवटी जनाबाय. सत्तरीची, काठी टेकत आलेली. ती त्यांच्यात धवला गाणारी. धवला म्हणजे त्यांच्या लग्नातली विधींची गाणी. ती गाणाऱ्या बाईचा मान तिथे भटजीच्या आधी. जनाबायने माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाय, पोरीनं वाचून दावला मना. 'जनाबायचा धवला आयकला ना मना माजी आय आठवली, जात्यावर बसून गानारी.' असा लिवलंस. मी इतकी वर्सां गातंय, कोनी कागदावर नाय घातला मना." आणि ती रडायला लागली.

मी नंदाकडे बघितलं. नंदा पायाच्या अंगठ्याने ओट्यावरचं सारवण टोकरत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इथल्या बायकांना वाचता येत नाही. अंक घरात आल्यावर वाचून दाखवायला सांगितलं असणार ते सुनेला, आणि माझी पोर समोर अंक धरून जे छापलं होतं ते सोडून भलतंच वाचत गेली होती. मी जिथे कळप म्हटलं होतं तिथे तिने एकेकीचं नाव घातलं होतं. मी जिथे 'रेकायचं' लिहिलं होतं तिथे माझी आई जात्यावर बसवली होती. खरं सांगते, लिहिण्यात अख्खं आयुष्य गेलं माझं, पण त्या लेखातलं एकही वाक्य तिने तोंडी रचलेल्या त्या वाक्याच्या पासंगाला लागलं नसतं.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं हायसं वाटलं की गोमाबायने पुढे केलेले तांदळाचे वडे मी चार खाल्ले, वर वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. मी मासळी खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी चूल मांडली होती. खोबऱ्याचा रस घातलेल्या शेवया होत्या. हे सगळं त्या लेखिकेसाठी चाललं होतं जी त्यांना भेटलीच नव्हती. पाचवा वडा उचलताना ते मला जाणवलं आणि मी तो ताटात परत ठेवला. जेवून उठताना हायसं वाटणं संपलं होतं आणि त्याच्या जागी दुसरंच काही बसलं होतं.

दुपारी नंदाला मागच्या पडवीत गाठलं.

"का केलंस गं असं?"

"मग काय वाचायचं होतं? रेकायचं?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात धार होती. "त्या सगळ्या समोर बसल्या होत्या आई. अंगाला तेल लावून, चांगली लुगडी नेसून आल्या होत्या ऐकायला. सुनेच्या आईने आपल्यावर लिहिलंय म्हणून. तूच सांग, काय वाचायचं होतं?"

मी तिचे डोळे पुसायला पदर पुढे केला. तिने ते स्वतःच पुसले.

"आता तू काही सांगू नकोस त्यांना," ती म्हणाली. "सगळं छान चाललंय. ओटी होईल, सासूबाई धाडतील, आपण जाऊ."

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. गप्प बसलं की काम झालं. त्या दुपारी चटईवर पडून मी शंभर वेळा स्वतःला हेच सांगितलं.

तळ्यावर

संध्याकाळी हौसाबाईंच्या म्हशी चरून परत आल्या. त्यांच्याकडे अजून म्हशी आहेत. शेत बिल्डरकडे जाईल तेव्हा जाईल, म्हशी देणार नाही, असं त्यांनी सुरेशला बजावलंय. गुरं गल्लीतून शिंगाला शिंग लावून येत होती, धूळ, घंटा, शेणाचा वास. वर्गात फळ्यावर मी हजारदा लिहिलेला कळप तो. त्यातली एक म्हैस दुसरीहून वेगळी आहे असं माझ्या डोळ्यांना काही दिसेना. सगळ्या काळ्या, सगळ्या ओल्या.

हौसाबाईंनी ओट्यावरून नुसती एक नजर टाकली. मोजलं नाही, बोट उचललं नाही. "सोनी कं हाय?"

"कोण सोनी?" मी विचारलं.

"डावा शिंग वाकडा तिचा. येडी हाय ती. तल्यात बसली असंल." त्यांनी काठी घेतली. "चल येतंस? तू बी बघ आमचा तलाव."

मी निघाले. वाटेत त्या आपल्या गुरांबद्दल बोलत होत्या. गंगी पुढे चालते, तिला मागे ठेवलं की दूध चोरते. काळी आणि मंजी मायलेकी, त्यांना लांब बांधलं की दोघी हंबरून गाव जागं करतात. कोणाला पावसाची भीती, कोणाला ट्रकच्या हॉर्नची. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात बारीक होत होते. ज्याने गुरं राखली त्याला कळपात एकेक जण दिसतं. आम्ही लिहिणाऱ्यांनी तो शब्द उचलला तो कोणीच दिसू नये म्हणून. गुरांना जो आदर मिळतो तोही मी त्या बायकांना दिला नव्हता.

तळ्यात सोनी नाकापर्यंत बुडून खुशाल बसली होती. हौसाबाई काठावरून हाका मारत होत्या आणि मी शहाणपणा करून जरा पुढे गेले, तशी माझी उजवी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. ती काढायला वाकले तर दुसरा पाय घसरला आणि मी बसले थेट चिखलात, साडीसकट. सोनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि शेजार नकोसा झाल्यासारखी उठून बाहेर आली. हौसाबाई पोट धरधरून हसल्या. मलाही हसू फुटलं. हसता हसता मी रडायला कधी लागले ते कळलं नाही.

"लागला का गो?"

"नाही," मी म्हटलं. "हौसाबाई, मला एक सांगायचंय. मी ते लिहिलं नव्हतं. बारकुबाई, गोमाबाई, जनाबाईंचं, त्यातलं काही मी लिहिलं नव्हतं. मी तुम्हाला सगळ्यांना कळप म्हटलं होतं. रेकता म्हटलं होतं. नंदाने वाचताना बदललं. पोरीचा दोष नाही. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला माझ्याबरोबर पाठवा."

बोलून टाकलं. चिखलात बसूनच बोलले.

हौसाबाईंनी सोनीच्या पाठीवर थाप मारून तिला वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळल्या. "मना ठाव हाय."

"काय?"

"सुरेसनं कारखान्यान वाचला व्हता आदीच. घरी येऊन कागद आपटला, बोलला, आये, ही बाई परत आपल्या घरान नको. मी बोलली, थांब, सुनंला वाचू दे, बघू ती काय करतंय." त्यांनी हात पुढे केला आणि मला एका झटक्यात उभं केलं. "सगल्या बायांना बोलवून बसवली. ना तुजी पोर वाचायला लागली. मना अक्षर नाय येत गो, पन डोलं हायत. पान येकच, ना ही वाचतंय अर्धा तास! बोट येक्या जाग्यावर, तोंड भलतीकडं. घाम फुटला व्हता तिला. मंदी येकदा बी थांबली नाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोर आयला बी उघडी पडू देत नाय ना आमाला बी. मी सुरेसला सांगला, गप बस, लाखाची सून हाय." त्या पुढे चालू लागल्या. मी एका चपलेने मागे. "तुज्यावर राग व्हता मना. लय व्हता. म्हनून बोलवली. म्हटलं बघू, वडं खाऊन गप बसतंय का सांगतंय."

"आणि सांगितलं नसतं तर?"

"तर वडं खाऊन येकटीच गेली असतीस," हौसाबाई म्हणाल्या आणि सोनीला शिवी हासडली, कारण ती परत तळ्याकडे वळली होती.

मला मोकळं वाटलं ते तेव्हा. दुपारचं हायसं वाटणं उधारीचं होतं, हे माझं स्वतःचं. अंगभर चिखल, एक पाय अनवाणी, पुढे म्हैस, आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

बाकीच्या जणींना सांगायचं का, असं मी विचारलं. "जनीला नको," त्या म्हणाल्या. "तिला तो धवल्याचा राहू दे. बाकी मी सांगन माज्या टायमाला." मी ऐकलं. हा लेख जनाबाईंना वाचून दाखवायची वेळ येईल तेव्हा हौसाबाई काय करणार आहेत ते त्यांचं त्या बघतील.

ओटी आणि परत

रविवारी ओटी भरली. आमच्याकडे डोहाळजेवण म्हणजे फुलांचा धनुष्यबाण, झोपाळा, फोटोवाला. इथे अंगणात सारवून पाट मांडला, नंदाला हिरवं नेसवलं (मी आणलेलंच लुगडं, हौसाबाईंनी परस्पर सुनेला देऊन टाकलं), आणि तांदूळ, नारळ, खारका, हळकुंडं यांनी तिची ओटी इतकी भरली की तिला उठताना दोघींनी धरावं लागलं. जनाबाय गायली. या वेळी मी समोर बसून शेवटपर्यंत ऐकलं. शब्द निम्मे कळले नाहीत, पण मला माझी आई खरंच आठवली. नंदाने दोन वर्षांपूर्वी माझ्या तोंडी घातलेलं खोटं असं खरं झालं.

सोमवारी मिरजेची यष्टी ठाण्याच्या स्टँडवरून होती. पोचवायला आठहीजणी आल्या. सुरेश रजा टाकून आला होता, माझ्याशी अजून तोलूनमापूनच बोलत होता, पण सामान त्याने एकट्याने उचललं आणि वाकून नमस्कार केला. बारकुबायने यष्टीत आधी चढून सीट दाबून बघितली आणि ड्रायव्हरला दम भरला, "गाडी हलू हलू चालव रे, पोर जड हाय." गोमाबायने वड्यांचं गाठोडं दिलं. चांगुनाबायने पाण्याचा फिरकीचा तांब्या. कोणीतरी मागून हात घालून नंदाच्या हातात चिंचेचा गोळा दिला, यष्टीत मळमळलं तर चोखायला. काशीबाय आणि पारूबाय खिडकीखाली उभ्या राहून नंदाला पन्नास सूचना देत होत्या, दोघींच्या सूचना एकमेकींच्या उलट.

"बारशाला आमी सगल्या येनार हाव मिरजंला," हौसाबाई म्हणाल्या. "घरान जागा हाय का?"

"करेन," मी म्हटलं. "या गं सगळ्या."

यष्टी सुरू झाली तेव्हा हौसाबाई खिडकीला धरून चार पावलं चालल्या. "ना बाय, आता परत लिव. सगला लिव, तुजा चुकलेला बी. पन या टायमाला असा लिव, का पोरीला वाचताना काय बदलाया नको लागू दे."

तो हा लेख. काल लिहून झाला. नंदा दुपारी पाय लांब करून माजघरात बसली होती, तिला म्हटलं, वाच, मोठ्याने वाच. ती वाचत गेली. चिखलाच्या जागी हसली, पडवीच्या जागी थोडी थांबली, पुढे वाचलं. स्टँडवरच्या भागाशी आली आणि तिने कागद खाली ठेवला.

"काय झालं?"

"आई, यात मथुराकाकी नाहीत."

"अगं, राहिल्या असतील," मी म्हटलं. "तू घाल ना वाचताना."

"नाही," नंदा म्हणाली आणि पेन माझ्यापुढे केलं. "तू लिही."

मथुराकाकी. घर हौसाबाईंच्या मागच्या आळीत. बोलतात फार कमी. उजवा पाय दुखतो म्हणून सगळ्यांच्या मागून चालतात, स्टँडवरही मागेच होत्या. चिंचेचा गोळा त्यांनी दिला.